रत्नागिरीत आत्याबाईंना जेवू घालण्याची यादी

बुधवार, १५ डिसेंबर १९७६. सकाळी आठ, कराड एसटी स्टँड. हजर: मी, माझे यजमान, फौजेतून हवालदार होऊन परत आलेले, आणि माझ्या सासूबाई, ज्यांना मी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे आत्याबाई म्हणते. रत्नागिरीत येऊन मिळणार: माझे धाकटे दीर, वय चोवीस, तिथल्या एका हायस्कुलात गणिताचे मास्तर. गैरहजर: मामंजी, शेतात ऊसतोड चालू असल्यामुळे. सामान: वळकटी एक, पिशव्या तीन, गुळाची ढेप एक, आणि पांढऱ्या धोतराच्या फडक्यात बांधलेल्या शाळूच्या चाळीस भाकरी.

भाकरी चाळीस कशाला, हे सांगितलं की पुढचं सगळं कळेल.

आमचं गाव वाळवा तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. दिरांना रत्नागिरीची नोकरी लागून सहा महिने झाले होते. अर्ज मी भरला होता, फोटो मी चिकटवला होता, पाकीटही मीच पोस्टात टाकलं होतं, तेव्हा ती नोकरी टिकवणं ही माझीच जबाबदारी, असं मी धरून चालले होते. दिवाळीनंतर त्यांचं पत्र आलं. तब्येत उत्तम आहे, इथं दोन्ही वेळा भात आणि मासे मिळतात, काळजी नसावी. त्यांनी हे आईला धीर यावा म्हणून लिहिलं. आत्याबाईंनी पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि डोळ्याला पदर लावला. आमच्याकडे भात सणाला होतो, नाहीतर आजाऱ्याला. दोन्ही वेळा भात खाणारा माणूस त्यांच्या हिशेबी अंथरुणाला खिळलेला असणार.

मामंजींना आयतं निमित्त मिळालं. उसाकडे बघायला त्यांना आणखी एक हक्काचा माणूस हवाच होता. पण ते न्यायाने वागणारे. त्यांनी निकाल दिला की आईनं स्वतः जाऊन बघावं. ती तिथं एक वेळ जरी पोटभर जेवली, तर पोरगा राहील. उपाशी परत आली, तर पोरगा तिच्या मागोमाग गावाला येईल.

म्हणून मी यादी केली. शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर, तीन रकान्यांत: वार, ठिकाण, जेवण. आत्याबाई मटण खातात, नदीचा मासा खातात, पण वार पाळतात. सोमवार शिंगणापूरच्या महादेवाचा, मंगळवार औंधच्या यमाईचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरले बुधवार, शुक्रवार, रविवार. म्हणून बुधवारी निघायचं, बुधवारी संध्याकाळी पहिला मासा, शुक्रवारी दुसरा, रविवारी तिसरा आणि दुपारच्या गाडीने परत. तीन संधी. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटत होतं, ते आता लिहायला हरकत नाही.

आत्याबाईंनी त्यांची यादी मनातच केली होती. ती म्हणजे त्या चाळीस भाकरी. दिवसाला आठ, पाच दिवस, आणि वर शेंगदाण्याची चटणी. मंगळवारी दिवसभर थापल्या आणि जेमतेम अर्धा दिवस उन्हात वाळवल्या. तिकडचं काही तोंडात घालायची वेळच येऊ द्यायची नाही, हा त्यांचा बेत मला गाठोडं उचलताना कळला.

आंबा घाटाने पहिली संधी घेतली. मलकापूर सोडल्यावर दुसऱ्याच वळणाला आत्याबाईंनी खिडकी मागितली आणि साखरप्यापर्यंत ती सोडली नाही. यजमान मात्र कंडक्टरच्या बाकावर सरळ बसून झोपले होते. फौजेत त्यांना उभ्यानेही झोपायची सवय होती म्हणे. रत्नागिरीला उतरलो तेव्हा दीर स्टँडवर उभे होते. चांगले गुटगुटीत झाले होते. आत्याबाईंनी त्यांच्या गालावरून हात फिरवला आणि सूज आहे असं निदान केलं.

स्टँडजवळ सरबताची एक टपरी होती. कोकम सरबतासाठी ही टपरी म्हणजे पुढे मी केलेल्या आवडत्या ठिकाणांच्या यादीतलं पहिलं. आमच्याकडून कुणी रत्नागिरीला निघालं की मी आधी तेच सांगते. मातीच्या माठातलं पाणी, चिमूटभर जिरं, आणि मालक ग्लास असा भरतो की उचलताना बोटं भिजतात. आत्याबाई एक ग्लास प्याल्या, घडीभर डोळे मिटून बसल्या आणि दुसरा मागितला. मी वहीत बरोबरची खूण करायला पेन्सिल काढली.

"औषिद प्यालं म्हंजी जेवलं व्हय गं?" त्या डोळे न उघडता म्हणाल्या.

मी पेन्सिल परत ठेवली. त्या रात्री त्यांनी काहीच घेतलं नाही. आम्ही तिघं जेवलो आणि दोन भाकऱ्या कमी झाल्या, कारण यजमानांना प्रवासानंतर भाकरी लागते.

दिरांची खोली एका नारळीच्या वाडीत होती आणि जेवण मागच्या गल्लीतल्या खानावळीत. खानावळ चालवणारी बाई पन्नाशीची, विधवा, कमी बोलणारी. ओसरीवर पाट मांडलेले, आत चूल, मागे विहीर. पाटी नव्हतीच. तिथं जायचं तर माशाच्या वासाने जावं, किंवा आमच्या दिरांना विचारावं.

गुरुवारी सकाळी दीर शाळेत गेले आणि आम्ही किल्ल्यावर भगवतीला गेलो. देवीच्या देवळापासून पुढे तटाच्या कडेला एक जागा आहे, तिथं बसलं की तिन्ही बाजूंना पाणी दिसतं आणि वारा इतका की वहीचं पान धरून ठेवावं लागतं. हे माझं दुसरं आवडतं ठिकाण. सोबत शहाळं न्यावं, वर काही मिळत नाही. आत्याबाईंनी देवीची ओटी भरली, समुद्राकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं की हे सगळं पाणी कुणाच्या मालकीचं. यजमान म्हणाले, सरकारच्या. मग त्यांनी विचारलं की सरकार त्यावर ऊस का लावत नाही. खारट आहे म्हटल्यावर त्यांचा समुद्रातला रस संपला.

"येवढं पानी आन् टिपरूभर ऊस न्हाई," त्या म्हणाल्या. "काय उपेग."

संध्याकाळी गुरुवार सोडायला त्या खानावळीत आल्या, पण स्वतःची भाकरी फडक्यातून घेऊन. बाईंनी आमटी वाढली आणि सगळ्यांपुढे वाटीत सोलकढी ठेवली. आता, आमच्याकडे वाटीत पातळ काही आलं की त्यात भाकरी कुस्करायची, ही तालमीतली शिस्त. यजमानांनी अडीच भाकऱ्या कुस्करल्या, सोलकढी संपल्यावर आणखी मागितली आणि हा पांढरा रस्सा आहे पण बोकड कुठं दिसत नाही, असं मला हळूच सांगितलं. आत्याबाईंनी वाटी नाकाशी नेली. दूध नासलंय, हे त्यांना लगेच कळलं. पण वाढणारीचा अपमान नको म्हणून त्यांनी बाई आत गेल्याचं बघून वाटी शेजारच्या नारळाच्या बुडात ओतली. बाई परत आल्या, रिकामी वाटी बघितली आणि ती पुन्हा भरली. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी बाईंनी नारळाकडे बघितलं आणि वाटी उचलून नेली.

तरी मला चिंता नव्हती, कारण शुक्रवार माझा होता. दिरांकरवी मी बाईंना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं: चौघांना सुरमईचं कालवण, बांगडा तळून, सोलकढी वगळून. शुक्रवारी सकाळी आत्याबाई विहिरीवरून अंघोळ करून आल्या, ओल्या केसांनी उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि बोटांची पेरं मोजली.

"आज एकादस हाय," त्या म्हणाल्या.

मी कॅलेंडर काढलं. मार्गशीर्ष वद्य एकादशी, ठळक छापलेली. मी वार बघितले होते, चार देवांचे चार वार, एकही चुकला नव्हता. तिथी बघितलीच नव्हती. त्या वेळी माझं वय चाळीस, संसार अठरा वर्षांचा, गावच्या महिला मंडळाची मी चिटणीस. अशा बाईने शुक्रवार मोकळा धरला आणि एकादशी विसरली, हे मामंजींच्या कानावर जाऊ नये एवढंच त्या क्षणी मला वाटलं. दीर खाटेवर बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं.

सुरमई आणि बांगडे मात्र झालेले होते. एकादशी कळल्यावर मी आणि दिरांनीही उपास धरला, तेव्हा चौघांचं जेवण यजमान एकटे जेवले. अन्न टाकू नये म्हणून, असं ते अजून सांगतात. फौजेत वार नसतात आणि तिथीही नसतात. उठताना त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला.

संध्याकाळी दीर आम्हाला मांडवीच्या जेट्टीवर घेऊन गेले. काळी वाळू, ओळीने उभ्या होड्या, आणि जेट्टीच्या तोंडाशी एक चहाचं हॉटेल, ज्याच्या बाकाचा एक पाय दगडावर टेकवलेला आहे. तिथला चहा साधाच, पण बाकावरून सूर्य समुद्रात बुडताना थेट समोर दिसतो. माझ्या यादीत तिसरं. दगडाच्या बाजूला बसू नये.

समुद्र खरंच खारट आहे का, याची आत्याबाईंना एकदा खात्री करून घ्यायची होती. त्यांनी वाकून पाण्यात बोट बुडवलं आणि चाखलं. मग एकदम ताठ उभ्या राहिल्या. उपासाला सैंधव चालतं, साधं मीठ चालत नाही. आता समुद्राचं मीठ कुठल्या खात्यातलं, हा प्रश्न त्यांनी यजमानांना विचारला. यजमान अजून सुरमईतून सावरले नव्हते. ते म्हणाले, थुंकून टाक. मग मायलेक तोंड धुवायला गोडं पाणी शोधत हॉटेलाकडे गेले आणि मी व दीर बाकावर राहिलो.

एरवी दीर माझ्याशी थट्टेनेच बोलतात. त्या दिवशी त्यांनी थट्टा केली नाही.

"वैनी, तिकडं गेलो की आबा मला उसाच्या फडात उभं करणार," ते म्हणाले. "मला वर्गात उभं राह्यला आवडतं. पोरांना गणित सुटलं की कळतं तोंडावर. तुमी कायबी करा, पण तिला जेवाय घाला."

मी म्हटलं, शनिवार मारुतीचा आहे, रविवार आपला आहे. त्यांनी विचारलं, रविवारी संकष्टी, प्रदोष असलं काही नाही ना. मी कॅलेंडर पिशवीतच आणलं होतं. दोघांनी मिळून दोनदा बघितलं.

शनिवारी सकाळी बारस. एकादशी सोडायची तर सकाळी वेळेत जेवायला हवं. आत्याबाईंच्या पोटात गुरुवार संध्याकाळनंतर चार रताळी आणि वाटीभर भगर एवढंच गेलं होतं. त्यांनी खुंटीवरचं गाठोडं काढलं, मांडीवर घेतलं आणि सोडलं.

आमच्याकडे डिसेंबरात भाकरी खुंटीला टांगली की पापडासारखी होते, आठवडाभर काही होत नाही. तिथं खुंटीच्या मागेच खिडकी होती आणि खिडकीतून सगळा वेळ ओला वारा. वरच्या चार भाकऱ्या चामड्यासारख्या वाकल्या. खालच्यांवर हिरवी-पांढरी लव आली होती. आत्याबाईंनी एकेक भाकरी उचलून उजेडाकडे धरली, अगदी खालच्या भाकरीपर्यंत. मग फडक्याची घडी घातली. त्या रागावतील असं मला वाटलं होतं. त्या नुसत्या खाली बघत बसल्या, आणि मला पहिल्यांदा त्यांची दया आली. मंगळवारी त्यांच्याबरोबर चुलीपुढे मीही होते. चाळीस भाकऱ्या थापताना पाठीचं काय होतं ते मला माहीत आहे.

मी म्हटलं, खानावळीत चला, काहीतरी बघू. त्या उठल्या. उपाशीपोटी माणसाला गल्लीभर अंतरसुद्धा लांब वाटतं. त्या दोनदा थांबल्या.

खानावळीत बाई चुलीपुढे होत्या. तांदळाच्या भाकऱ्यांसाठी पाणी उकळत ठेवलेलं, आणि त्या उकळत्या पाण्यात पीठ टाकून उलथन्याने ढवळत होत्या. आत्याबाई दारातच थांबल्या. पन्नास वर्षं भाकरी करणाऱ्या बाईला जे बघवत नाही ते त्यांना समोर दिसत होतं.

"पिठात उलथनं?" त्या मला म्हणाल्या, पण आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा. "हात न्हाईत व्हय?"

बाईंनी मान वर केली. मग त्या चुलीपुढून बाजूला सरकल्या आणि पाट मोकळा केला. आत्याबाईंनी क्षणभर विचार केला, पदर खोचला आणि बसल्या. ती उकड बाजूला सारली, परातीत कोरडं पीठ घेतलं, शाळूला घालतात तसं गार पाणी घातलं, मळलं आणि थापायला सुरुवात केली. आमच्या भावकीत लग्न असलं की भाकरीला त्यांना बोलावणं येतं. त्यांची भाकरी तव्याएवढी गोल, कडेला कागदासारखी पातळ. तांदळाची भाकरी परातीतच चिरली. उचलली तेव्हा तिचे तीन तुकडे झाले. दुसरीचे चार. तिसरी उचललीच नाही.

ओसरीवर यजमान आणि दीर वाकून बघत होते. परात कशी आहे बघा, म्हणून आत्याबाईंनी परातीला दोष दिला. स्टीलच्या परातीत पीठ सरकतं, भाकरीला बाभळीची काथवट, म्हणजे लाकडी परात, पाहिजे, लाकूड पीठ धरून ठेवतं. बाई म्हणाल्या, असेल. मग त्यांनी उकडीचा गोळा आत्याबाईंपुढे ठेवला.

"आई, हे गरम आहे तोवर मळा. पाण्याचा हात घ्या. भाजेल, पण सोडू नका."

आत्याबाईंनी गोळ्याला हात लावला, झटकला, पुन्हा लावला. चौथी भाकरी अख्खी निघाली. पाचवी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, आणि ती टम्म फुगली. दीर ओसरीवरून हसले, तेव्हा आत्याबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते पाटावर जाऊन बसले.

मारुतीचा वार, म्हणून बाईंनी काळ्या वाटाण्याची उसळ केली होती. आत्याबाईंनी चार भाकऱ्या खाल्ल्या. मी मोजल्या. मी वही काढली आणि शनिवारपुढे, जिथं मी फुली मारून ठेवली होती, तिथं ती खोडून बरोबरची खूण केली.

"ती माजी भाकर," आत्याबाई हात धुताना म्हणाल्या. "मी केली, मी खाल्ली. खानावळीत जेवले असं हुतं व्हय?"

यजमान म्हणाले, पीठ खानावळीचं, चूल खानावळीची, उसळ खानावळीची. आत्याबाई म्हणाल्या, फौजेत कायदा शिकवतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. खूण मी पुन्हा खोडली. पण त्या दिवशी दुपारी त्या आपणहून खानावळीत गेल्या आणि संध्याकाळपर्यंत आल्या नाहीत. काय केलंत विचारलं, तर म्हणाल्या, नारळ कसा खवतात ते बघत हुते.

रविवार, १९ तारीख. गाडी साडेबाराची. अकरा वाजता पाट मांडले. बांगड्याचं कालवण, तांदळाची भाकरी, भात. भाकरी आज बाईंनी केली होती आणि आत्याबाई ओसरीवर पाहुणीसारख्या बसल्या होत्या. दिरांनी स्वतःच्या ताटाला हात लावला नव्हता. आत्याबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, बोटांनी दाबून बघितला, कालवणात बुडवला. माशाला काटे लय, म्हणून एकच तुकडा घेतला. पण कालवण दुसऱ्यांदा मागितलं, भाकरी तिसरी मागितली, आणि मग, आम्ही तिघं बघत असताना, वाटीतलं उरलेलं कालवण ताटात ओतून त्यांनी बाईंना सांगितलं की थोडा भात वाढा.

निघताना आत्याबाईंनी गुळाची ढेप बाईंच्या हातात दिली आणि दोघी विहिरीपाशी बोलत उभ्या राहिल्या. गाडी चुकेल म्हणून मी तीनदा हाक मारली. घाटात त्यांना या वेळी काही झालं नाही. मी दोनदा विचारलं की मामंजींना काय सांगायचं. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

गावात पोचलो तेव्हा मामंजी अंगणात बाजेवर बसले होते. त्यांनी पाय धुऊ दिले, पाणी पिऊ दिलं, आणि मग विचारलं, जेवलीस का पोटभर.

"ते इचारू नगा," आत्याबाई म्हणाल्या. "आदी सुताराला बलवा. त्या बाईला बाभळीची काथवट धाडायची हाय. स्टीलच्या परातीत भाकरी करती बिचारी, आन् माजं पोरगं तिच्या हातचं खातं."

मामंजींनी आत्याबाईंकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग ते उसाच्या गाड्या मोजायला गेले, आणि दिरांच्या परत येण्याचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही. दीर अजून रत्नागिरीलाच आहेत. त्यांना आता गणिताबरोबर विज्ञानही देतात.

त्यानंतर मी तिथं दोनदा जाऊन आले आणि यादीत भर पडली: मिरकरवाड्याला सकाळी लवकर जावं, होड्या लागतात ते बघायला; पांढऱ्या समुद्राला चप्पल हातात घेऊन चालावं; सरबत आधी, जेवण नंतर. जेवायला मात्र त्याच खानावळीत. कॅलेंडर नीट बघून निघावं.

काथवटीचं असं झालं. पहिली सुताराने केली ती आत्याबाईंना इतकी आवडली की ती घरीच राहिली. दुसरी उन्हात तडकली. तिसरीसाठी बांधावरची बाभूळ तोडून ठेवली आहे आणि आता ती वाळली पाहिजे. मी दरवर्षी जुन्या वहीतून नव्या वहीत कामं उतरवून घेते. यंदाच्या वहीत पहिल्या पानावर पहिलंच आहे: काथवट, बाभळीची, मध्यम, एसटी पार्सलने रत्नागिरीला. पुढचा रकाना कोरा आहे.